होम केअरचे आठ महिने: वही नको, पाठ बघा

बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, समज मात्र शाबूत आहे. इस्पितळातून घरी आणल्यापासून एका एजन्सीची सेवा घेतोय. दिवसा बारा तास केअरटेकर, आठवड्यातून एकदा नर्स, महिन्यातून एकदा सुपरवायझर. आता आठ महिने झाले. एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका एजन्सीपुरती नाही. सेवा चांगली आहे की वाईट हे तपासायचं कसं, हेच मला बराच काळ कळत नव्हतं.

पहिले दोन महिने मी केअरटेकरच्या रोजच्या नोंदींच्या वहीवर खूश होते. बीपी, औषधं, कूस बदलल्याच्या वेळा, लघवीचं माप, सगळे रकाने भरलेले, अक्षर सुरेख. सुपरवायझर यायचे, वही चाळायचे, सही करायचे. येण्याच्या आदल्या दिवशी फोन करायचे, त्यामुळे त्या दिवशी चादरसुद्धा कडक घडीची असायची.

मग एकदा सहज लक्षात आलं की बीपीचा प्रत्येक आकडा शून्यावर संपतोय. १३०/८०, १२०/८०, परत १३०/८०. आमचं मशिन डिजिटल. त्याच्या मेमरीचं बटण दाबून बघितलं, तर आत १२७/७४, १४३/८६ असे आकडे आणि मधले चार दिवस कोरेच. त्याच आठवड्यात दुपारी चारला घरी लवकर आले, तर सहा वाजता कूस बदलल्याची खूण वहीत आधीच झालेली! त्या दिवसापासून मी वही शेवटी बघते आणि बाबांची पाठ आधी.

पाठ बघायची म्हणजे नुसतं डोकावायचं नाही. माकडहाड, टाचा, घोटे, नितंबांच्या बाजू. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचं. दाबल्यावर जागा पांढुरकी पडून परत लाल झाली तर रक्त फिरतंय. दाबूनही लाली तशीच राहिली तर ती बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसतच नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतंय का ते बघावं लागतं. हे मला शिकवलं आठवड्याला येणाऱ्या नर्सने, आणि या सेवेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. ती आल्या आल्या हात धुते, तेही साबण लावून चांगले चाळीस सेकंद, आणि बाबांशी बोलल्याशिवाय पांघरुणाला हात लावत नाही.

चूक नेहमी एजन्सीचीच असते असंही नाही. बेडसोअर टाळायची हवेची गादी आम्हीच लावली होती, तिच्या पंपावरचा वजनाचा आकडा अंदाजाने फिरवून. केअरटेकर ताईंनी कमरेखाली, गादीच्या तळाशी हात घातला आणि म्हणाल्या, "ताई, इथं हवाच नाहीये. काकांचं हाड खाली टेकतंय." तिथे बोटभर जाडीची हवा तरी राहायला हवी. आम्ही मोठ्या तोऱ्यात आणलेली गादी दोन आठवडे नुसती शोभेला होती.

ताईंचं घास भरवणंही बघण्यासारखं आहे. बाबांना ताठ बसवतात, हनुवटी किंचित खाली, घास छोटा, गिळल्याची खात्री झाली की पुढचा. शेवटी उजव्या गालाच्या आत ओला गॉज फिरवतात, कारण त्या बाजूला बाबांना काही जाणवत नाही आणि घास तिथेच साठून राहतो. नंतर अर्धा तास आडवं करत नाहीत. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो, हे त्यांना नीट माहीत आहे.

पण ताई रजेवर गेल्या की खरी परीक्षा. तिसऱ्या महिन्यात बदली माणूस आला, तगडा, हसतमुख. त्याने बाबांना उठवायला सरळ उजव्या काखेत हात घालून ओढलं. लुळ्या हाताला आधार देण्याइतकी स्नायूंत ताकदच नसते, अशा ओढण्याने खांदा निखळू शकतो. बाबा कळवळले. त्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. एजन्सीला विचारलं तर उत्तर आलं, "माणूस अनुभवी आहे मॅडम." अनुभव असेल, पण माझ्या बाबांचा नव्हता ना. तेव्हापासून पलंगाच्या डोक्याशी एक कागद चिकटवलाय: कुठली बाजू लुळी, कसं उठवायचं, पाणी कसं पाजायचं, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी. बदली माणसाने तो माझ्यासमोर वाचायचा, मगच हात लावायचा.

इंग्लंडमध्ये घरपोच सेवांची तपासणी केअर क्वालिटी कमिशन ही संस्था करते. त्यांचे प्रश्न पाच: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, मायेची आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे वळते का, आणि तिचा कारभार नीट चालतो का. मी तेच आमच्या सेवेला लावून बघितले. मायेत पैकीच्या पैकी, परिणामातही बरी. घसरली ती शेवटच्या प्रश्नावर. ताई दुपारी पेंगायच्या, मी चिडायचे. नंतर कळलं, एजन्सी त्यांना दुसऱ्या घरची रात्रपाळी संपवून थेट आमच्याकडे पाठवत होती. सलग चोवीस तास जागी बाई पेशंटला उचलणार, औषधं देणार. यात दोष बाईचा कसा? मी लेखी तक्रार केली, डबल ड्यूटी बंद झाली आणि पेंगणंही.

सगळ्यात उशिरा सुचलेली तपासणी म्हणजे खुद्द बाबांना विचारणं. डाव्या हाताने पलंगावर एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ताई घरी गेल्या की मी विचारते: आज कुणी रागावलं? दुखलं कुठे? लघवीला वेळेवर नेलं? बदली माणसाच्या दिवशी शेवटच्या प्रश्नाला दोन टकटकी मी मोजल्यात.

सेवा चालू ठेवतोय. सुपरवायझरनी आता न सांगता यायचं असं ठरलंय, गेल्या महिन्यात ते आलेही, बाबांची पाठ स्वतः बघून गेले. वहीचं अक्षर बिघडलंय. कालच्या पानावर बीपी १३७/७९, आणि खाली ताईंनी लिहिलंय: "दोन वाजता कूस बदलली नाही, काका गाढ झोपले होते. अडीचला बदलली. डावी टाच थोडी लाल, दाबल्यावर पांढरी होते."