संसदेचं डिजिटल ग्रंथालय: परराष्ट्र धोरणाचा जाब इथे वाचायला मिळतो

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. ‘संसद कार्यकारी मंडळावर नियंत्रण ठेवते’ हे वाक्य मुलांना तोंडपाठ असतं. परराष्ट्र धोरणाच्या बाबतीत ते कितपत खरं आहे, हे त्यांना दाखवायला मी लोकसभेच्या डिजिटल ग्रंथालयाचा आधार घेते. हे ग्रंथालय फुकट आहे आणि घरबसल्या उघडतं. पहिल्या लोकसभेपासूनच्या चर्चा आणि समित्यांचे अहवाल त्यात आहेत. राज्यसभेचं दप्तर मात्र वेगळं आहे, तिथे स्वतंत्रपणे जावं लागतं. जुने खंड म्हणजे छापील पानांच्या प्रती आहेत, त्यामुळे मोबाइलपेक्षा संगणकावर वाचलेले बरे.

आधी हे सांगायला हवं की आपल्याकडे सरकारला परदेशाशी करार करताना संसदेची आगाऊ परवानगी लागत नाही. देशाची भूमी द्यायची असेल तर घटनादुरुस्ती लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली बेरुबारी प्रकरणात (पश्चिम बंगालमधला भाग पाकिस्तानला देण्याच्या वादात) सांगितलं. बाकी बहुतेक करार आधी होतात आणि सभागृहाला नंतर कळतात. जून १९७४ मध्ये कच्चथीवू बेट श्रीलंकेच्या हद्दीत ठेवणारा सीमारेषेचा करार झाला. जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग यांनी लोकसभेत निवेदन केलं, तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या. त्या दिवसाची चर्चा काढून वाचा. सदस्य संतापलेले आहेत, पण त्यांच्या हातात संतापाशिवाय फारसं काही उरलेलं नाही. हे पुस्तकातल्या व्याख्येवरून समजत नाही, त्या पानांवर समजतं.

म्हणूनच मला १९५९ ते १९६३ हा काळ सगळ्यांत मोलाचा वाटतो. लडाख आणि ईशान्य सीमेवरच्या लोंगजू चौकीवरून सभागृह तापलं, तेव्हा नेहरूंनी सप्टेंबर १९५९ मध्ये चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणून संसदेपुढे ठेवला आणि पुढेही अशा श्वेतपत्रिका निघत राहिल्या. दोन सरकारांमधली पत्रं विरोधी सदस्यांच्या हातात होती आणि ते त्यांतल्या तारखा काढून पंतप्रधानांना अडवत होते. चीनशी युद्ध चालू असताना, ८ नोव्हेंबर १९६२ रोजी अधिवेशन सुरू झालं. खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवींनी गुप्त बैठक सुचवली, ती नेहरूंनी मानली नाही. लढाई सुरू असताना सरकारच्या चुका उघड सभागृहात मोजल्या गेल्या. मला या लोकशाहीचा अभिमान वाटतो, तो अशा पानांमुळे.

त्यालाच जोडून २ सप्टेंबर १९६३ चं निवेदन वाचावं. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण हेंडरसन ब्रुक्स अहवालाबद्दल, म्हणजे १९६२ च्या पराभवाच्या लष्करी चौकशीबद्दल, बोलत आहेत. अहवाल ते पटलावर ठेवत नाहीत, पण प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकुमाची साखळी, सेनाधिकाऱ्यांची कुवत, सगळ्यांत काय उणं पडलं हे मान्य करतात. आमच्या यशवंतरावांबद्दल मला नितांत आदर आहे, तरीही अहवाल संसदेला द्यायला हवा होता असं माझं ठाम मत आहे. सरकारच्या सारांशावर जाब विचारता येत नाही. त्यासाठी मूळ कागदच लागतो.

अलीकडच्या नोंदी वाचताना जीव कासावीस होतो. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात गलवानमधल्या चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर तीनच महिन्यांनी प्रश्नोत्तराचा तास नव्हता. लेखी उत्तरं मिळत होती, पण मंत्र्याला उभं करून उपप्रश्न विचारायची सोय गेली. राजनाथ सिंह यांनी लोकसभेत निवेदन केलं. लोकसभेच्या नियम ३७२ प्रमाणे मंत्र्याचं निवेदन झाल्यावर त्याच वेळी प्रश्न विचारता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जयशंकर चीनवर बोलले, तेव्हाही लोकसभेत हेच झालं. निवेदन सविस्तर आहे, वाचण्यासारखं आहे, पण त्याखाली एकही प्रश्न नाही. हा नियम बदलला पाहिजे. जुलै २०२५ ला ऑपरेशन सिंदूरवर लोकसभेत दोन दिवस चर्चा झाली. म्हणजे ठरवलं तर वेळ काढता येतो.

ग्रंथालयातला सगळ्यांत दुर्लक्षित आणि माझ्या लेखी सगळ्यांत उपयोगी कप्पा स्थायी समितीच्या अहवालांचा. परराष्ट्र व्यवहार समितीत दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे कॅमेऱ्यासाठी भाषण करायचा मोह राहत नाही. शशी थरूर अध्यक्ष असताना २०१८ साली आलेला भारत-चीन संबंधांवरचा अहवाल काढा. भारत-भूतान-चीन तिठ्यावरच्या डोकलामजवळची चिनी बांधकामं उठलेली नाहीत याची काळजी समितीने त्यात स्पष्ट नोंदवली आहे. समितीत सत्ताधारी पक्षाचे सदस्यही होते, हे लक्षात ठेवून वाचलं की त्या नोंदीचं वजन कळतं. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, पण उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर पुढच्या कार्यवाही अहवालात येतं. कोणती शिफारस मानली, कोणती समितीने सोडून दिली, कुठलं उत्तर समितीला पटलं नाही आणि कुठे अंतिम उत्तरच आलेलं नाही, अशी त्याची दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची प्रकरणं असतात. तुम्ही थेट चौथं प्रकरण उघडा. समितीला न पटलेली उत्तरं तिथे असतात.

प्रश्नांचा विभाग संसदेच्या संकेतस्थळावर निराळा आहे. आमच्याकडे वाडीगणिक कुणीतरी आखातात नोकरीला आहे. परदेशातल्या तुरुंगांत किती भारतीय आहेत, आखातात किती कामगार दगावले, यांचे देशवार तक्ते या लेखी उत्तरांत मिळतात. मुलांना परराष्ट्र धोरण म्हणजे शिखर परिषदेतले फोटो वाटतात. कुवेत आणि ओमानचे आकडे बघितले की वर्ग शांतपणे वाचायला लागतो. सीमेवरच्या प्रश्नांची उत्तरं मात्र बहुतेकदा गुळगुळीत असतात. तीन-चार पोटप्रश्नांना मिळून एकच परिच्छेद येतो आणि सरकार सर्व घडामोडींवर सतत लक्ष ठेवून आहे असं सांगून संपतो. म्हणून तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, निवडावा. त्याला उपप्रश्न असतात, आणि अभ्यास करून आलेला खासदार कोण ते तिथेच दिसतं. राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै आमच्याच मुलखातून निवडून गेले होते. त्यांचं नाव शोधात टाकलं की माझ्या विद्यार्थ्यांना खासदाराकडून काय मागायचं ते कळतं.

एक उणीव मोठी आहे. मराठीत केलेल्या भाषणाचा इथे हिंदी किंवा इंग्रजी अनुवादच छापलेला मिळतो. मूळ शब्द नोंदीत यायला हवेत.

शिक्षक, स्पर्धा परीक्षा देणारी मुलं, पत्रकार यांनी तर हे वापरावंच. इतरांनी निदान एक करावं. प्रश्नांच्या विभागात आपल्या खासदाराचं नाव निवडावं, मंत्रालयाच्या रकान्यात परराष्ट्र व्यवहार निवडावं आणि यादी वाचावी. यादी रिकामी आली तर त्याचं कारण खासदारांनाच विचारावं.