कॉम्प्युटरच्या पंख्यातून वीज: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

पुतणीच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी गणपतीच्या सुट्टीत भंगारवाल्याकडून जुन्या कॉम्प्युटरचे सहा पंखे आणले, १२ व्होल्टचे. किलोच्या भावाने, म्हणजे जवळजवळ फुकटच. आमचं घर देवगडला सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. दुपारी खारा वारा सुटला की खळ्यातली रिकामी बादली गडगडत जाते. पवनचक्क्या लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे वीज मिळणारच अशी खात्री होती.

पहिला दिवस वाया गेला. लाल-काळ्या वायरींना एलईडी जोडून पंखा वाऱ्यात धरला. पंखा भिंगरीसारखा फिरला, दिवा ढिम्म. पुतणी म्हणाली, "काका, वारो हा, मगे लाइट खंय हा?"

गोम आतल्या सर्किटात आहे. या पंख्यात कार्बन ब्रश नसतात. हॉल सेन्सर चुंबक कुठे आहे ते ओळखतो आणि त्याप्रमाणे चिप तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज सोडते. हे सर्किट वीज आत घ्यायला बनवलंय, पंखा हाताने फिरवून बाहेर कामाचं काही येत नाही. ते काढून थेट वेटोळ्यांनाच वायरी जोडायला हव्यात.

मागचं स्टिकर सोललं की दांड्यावर चिरलेली पांढरी प्लास्टिकची चकती दिसते. ती सुईने उचकटताना टणकन उडाली आणि जांभ्याच्या दोन चिऱ्यांमधल्या फटीत गेली ती गेलीच. पुढच्या पंख्याला वरून फडकं धरलं. चकती निघाली की पाती चुंबकाच्या कड्यासकट हातात येतात, खाली चार दातांवर गुंडाळलेली तांब्याची तार. तारेच्या टोकांना वायरी लावून डाग दिला (सोल्डर केलं) आणि टेबलफॅनसमोर मल्टिमीटर लावला: दोन-अडीच व्होल्ट, पण एसी, म्हणजे दिशा सतत उलटणारी वीज.

मग ब्रिज, म्हणजे एसीची एकाच दिशेची डीसी करणारी चार डायोडांची जोडणी. आम्ही हाताशी होते ते ४००७ नंबरचे डायोड लावले आणि तिथेच चुकलो. एका वेळी दोन डायोडांतून करंट जातो, प्रत्येकी ०.७ व्होल्ट, म्हणजे १.४ गेले. मुळात अडीच, त्यातून एवढी खंडणी! कमी व्होल्टेज खाणारे शॉट्की डायोड लावल्यावर लाल एलईडी नीट पेटला. पांढऱ्याला तीनेक व्होल्ट लागतात, तो रुसलेलाच. खरं तर दोन एलईडी उलटसुलट जोडून थेट वेटोळ्यावर लावले तर ब्रिजच लागत नाही. हे उशिरा सुचलं. दोन पंखे एसीतच एकापुढे एक जोडू नका. दोघांचा वेग आणि ताल जुळत नाही, व्होल्टेज बेरजेत येत नाही. आधी प्रत्येकाची डीसी करा, मग जोडा.

मोबाइल चार्ज होईल का, हे प्रदर्शनात प्रत्येकाने विचारलं. पुतणीने फळ्यावर हिशेब मांडून ठेवला होता: १२ सेंटिमीटरच्या पंख्यावर सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा आला तर त्या वाऱ्यातच जेमतेम ०.८५ वॉट असतात. बेट्झच्या मर्यादेप्रमाणे त्यातले फार तर ५९ टक्के काढता येतात, प्रत्यक्षात त्याहून खूपच कमी. साधा चार्जर १० वॉटचा. वारा दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते हे खरं, पण तसा वारा पावसाळ्यात येतो आणि तेव्हा कौलं सांभाळायची की पंखा? शिवाय ही पाती हवा ढकलायला वळवलेली असतात, वाऱ्याकडून काम करून घ्यायला नाहीत.

वीजच हवी असेल तर बंद पडलेल्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर शोधा. चिमटीत धरून फिरवली तरी एलईडी पेटतो, कारण एका फेऱ्यात तिच्यात चुंबकाचे ध्रुव कितीतरी वेळा बदलतात. पीव्हीसी पाइप कापून केलेली पाती तिला लावली आणि प्रदर्शनात तीच भाव खाऊन गेली.

टिकण्याबद्दल विचाराल तर खारी हवा वैरी. दोन महिन्यांत डागांवर हिरवट बुरशीसारखा थर आला. आता वर नेलपॉलिश फासतो. एका पंख्यात आईने मायेने खोबरेल घातलं. डिसेंबरच्या पहाटे ते थिजलं आणि पंखा जागचा हलेना. शिलाई मशीनचं तेल थेंबभर घाला, बास.

सहापैकी दोन चालू आहेत. एक पडवीच्या खांबाला बांधलाय. दुपारी त्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला की आई उठते आणि खळ्यात वाळत घातलेल्या पापडांच्या चादरीवर चार कोपऱ्यांना दगड ठेवून येते.