वाए रेबो: मुक्कामाला जावे असे डोंगरातील गाव

इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर लाबुआन बाजो बंदरात उतरणारे बहुतेक पर्यटक कोमोडोचे महाकाय सरडे पाहतात, बोटीवर दोन दिवस काढतात आणि बेटाच्या अंतर्भागात पाऊलही न टाकता बालीला परततात. बालीच्या सहलीला कोमोडो जोडून घेणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्याही अलीकडे वाढते आहे. त्यांपैकी ज्यांच्या हाती आणखी दोन दिवस असतील आणि गुडघे ज्यांना साथ देत असतील, त्यांनी वाए रेबो या डोंगरातील गावी एक रात्र अवश्य काढावी. मात्र तेथे काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी नीट समजून घ्यावे.

हे गाव मांगराय जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून अधिक उंचीवर, चारही बाजूंनी जंगलाने वेढलेल्या एका खोलगट पठारावर वसलेले आहे. गावापर्यंत मोटार जात नाही. लाबुआन बाजोहून पाच-सहा तासांचा वळणावळणांचा रस्ता कापून डेंगे या पायथ्याच्या गावी यावे लागते, तेथून मोटारसायकलवाला पहिल्या चौकीपर्यंत सोडतो आणि पुढे दोन-अडीच तासांची चढण आपल्या पायांनीच चढावी लागते. सह्याद्रीत नियमित हिंडणाऱ्याला ती जड जाणार नाही, पण सहल विकणारे दलाल तिला ‘हलकीशी पायपीट’ म्हणतात तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नये. पावसाळ्यात, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च या काळात, वाट निसरडी होते आणि जळवाही लागतात. वाटाड्या स्थानिकच घ्यावा. वाट चुकण्याची भीती फारशी नाही, पण गावात पोहोचल्यावर पुढची सारी बोलणी मांगराय भाषेत होतात आणि ती त्याच्यावाचून अडतात.

गावात शिरण्यापूर्वी वरच्या अंगाला एक लहानशी माची आहे. तेथे टांगलेला बांबूचा ठोकळा वाटाड्या वाजवतो, म्हणजे पाहुणे आल्याची वर्दी खाली पोहोचते. त्यानंतर थेट मुख्य घरात जायचे आणि गावातील ज्येष्ठ पुरुषासमोर चटईवर बसायचे. तो मांगराय भाषेत पूर्वजांना पाहुण्यांची ओळख करून देतो आणि त्यांच्या मुक्कामात काही विघ्न येऊ नये, अशी विनवणी करतो. या विधीला ‘वाए लुउ’ म्हणतात. पाहुण्याने त्या वेळी थोडी दक्षिणा ठेवायची असते. विधी आटोपेपर्यंत छायाचित्रे काढायची नाहीत, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. गावकरी धर्माने कॅथलिक आहेत आणि तरीही पूर्वजांचा मान असा राखतात, याचे आपल्याकडच्या माणसाला नवल वाटण्याचे कारण नाही. मला हा या मुक्कामातील सर्वांत चोख भाग वाटला, कारण त्यात पर्यटकांसाठी उभा केलेला देखावा जाणवत नाही. पाहुणा कोणीही असो, यजमानाच्या शिस्तीनेच त्याला घरात यावे लागते.

ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप करायचा ती घरे सात आहेत. ‘म्बारू नियांग’ या नावाने ओळखली जाणारी ही शंकूच्या आकाराची घरे मधल्या गोलाकार दगडी चौथऱ्याभोवती अर्धवर्तुळात उभी असून, लांबून पाहिल्यास भाताच्या उडव्या रचून ठेवल्यासारखी दिसतात. जवळ गेल्यावर मात्र त्यांची उंची अंगावर येते, कारण एकेक घर सुमारे पंधरा मीटर उंच आहे आणि त्याचे छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेले आहे. आत पाच मजले आहेत. सर्वांत खाली कुटुंबे राहतात, त्यावरच्या मजल्यावर धान्य आणि रोजचे सामान असते, तिसऱ्यावर पुढच्या पेरणीचे बियाणे, चौथ्यावर दुष्काळासाठी राखलेला साठा आणि अगदी टोकाशी पूर्वजांच्या नैवेद्याची जागा. बांधणीत खिळे नाहीत. लाकूड आणि बांबू वेताने आवळून बांधलेले आहेत. चुली घराच्या आतच पेटतात आणि त्यांचा धूर वर चढत जाऊन लाकडाला व छपराला कीड लागू देत नाही. डोळे चुरचुरतात ही तक्रार खरी आहे, पण तोच धूर घराचे आयुष्य वाढवतो, हे लक्षात घेतले की ती तोंडातच राहते. मधल्या चौथऱ्याला ‘चोम्पांग’ म्हणतात. तो पवित्र मानला जातो, तेव्हा छायाचित्रासाठी त्यावर चढू नये.

ही सातही घरे आज उभी दिसतात, त्यामागे अलीकडचा इतिहास आहे. २००८ च्या सुमारास यांतील चारच घरे शिल्लक होती. जाकार्ताचे वास्तुविशारद योरी आंतार आणि त्यांचे सहकारी त्या काळात येथे आले आणि त्यांच्या पुढाकाराने, देणगीदारांच्या पैशावर, घरे पुन्हा उभारण्याचे काम सुरू झाले. बाहेरून कंत्राटदार आणून घरे बांधून देण्याचा सोपा मार्ग त्यांनी टाळला. जुने घर उतरवून पुन्हा बांधताना गावातील तरुणांना वडीलधाऱ्यांच्या हाताखाली ती विद्या शिकता आली, आणि माझ्या मते या उपक्रमाचे खरे मोल तेथेच आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतील सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला आणि २०१३ च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीतही त्याचा समावेश झाला.

आता मुक्कामाविषयी. सातांपैकी एक घर पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले आहे. त्यात भिंतीच्या कडेने गोलाकार अंथरुणे मांडलेली असतात: विणलेली चटई, पातळ गादी, उशी, पांघरूण. खोल्या नाहीत, पडदे नाहीत. अनोळखी माणसांच्या शेजारीच झोपायचे असते आणि त्यांचे घोरणेही ऐकावे लागते. रात्री थंडी चांगलीच पडते, म्हणून जाड स्वेटर आणि पायमोजे हवेतच. फोनचा सिग्नल वाटेतच साथ सोडतो. विजेवर विसंबू नये, बॅटरी आणि पॉवर बँक सोबत ठेवावी. न्हाणीघर आणि शौचालय घराबाहेर असून पाणी डोंगरातले, गारठवणारे आहे. नवविवाहितांना एकांत हवा असेल तर त्यांनी बालीतच राहिलेले बरे.

जेवण साधे आणि गरम असते. भात, एखादी पालेभाजी, अंड्याचे किंवा कोंबडीचे कालवण, सांबाल ही मिरचीची झणझणीत चटणी आणि ‘कृपुक’ हे कुरकुरीत तळलेले पापड, असे ताट सर्वांनी जमिनीवर बसून एकत्र जेवायचे. शाकाहारी मंडळींनी वाटाड्याला डेंगेहून निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, म्हणजे वर वेगळी भाजी शिजते. कृपुकात बहुधा कोळंबी असते, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी जवळ असेल तर भात अधिक गोड लागतो. कॉफी मात्र अव्वल. ती गावच्याच मळ्यांतली, घरी भाजून कुटलेली. न गाळताच उकळते पाणी ओतून आणि भरपूर साखर घालून देतात, त्यामुळे शेवटचा घोट गाळासकट घशात जाऊ देऊ नये.

मुक्कामाचा दर गेली अनेक वर्षे जेवणासह माणशी ३,२५,००० रुपिया, म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन हजार रुपये, आणि दिवसाच्या भेटीसाठी २,००,००० रुपिया असा सांगितला जातो. निघण्यापूर्वी ताजा दर विचारून घ्यावा. चटईवर झोपण्यासाठी ही रक्कम जास्त वाटू शकते. परंतु पर्यटनाचा कारभार गावाचीच संस्था पाहते, स्वयंपाकाचे काम बायकांमध्ये पाळीपाळीने वाटले जाते, आणि वर लागणारा बराचसा जिन्नस माणसांच्या पाठीवरून चढवावा लागतो, हे पाहिल्यावर मला तो दर रास्त वाटला. घासाघीस करू नये. दिवसाची भेट मात्र मी कोणालाच सुचवणार नाही. दुपारी येऊन दोन तासांत परतणाऱ्याला विधी, घरे आणि धुके एवढेच दिसते. संध्याकाळी मळ्यातून परतणारी माणसे, अंगणात पसरलेली कॉफी गोळा करणाऱ्या बायका आणि चोम्पांगच्या भोवती फुटबॉल खेळणारी पोरे ही त्याच्या वाट्याला येत नाहीत. शाळकरी मुले एरवी खालच्या कोंबो वस्तीत राहतात, तेव्हा गावातली गजबज सुट्टीच्या दिवसांत अधिक असते.

जुलै-ऑगस्टमध्ये युरोपीय पाहुण्यांची गर्दी होते आणि पाहुण्यांचे घर धर्मशाळेसारखे भरून जाते. मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने सोयीचे आहेत. नोव्हेंबरात ‘पेंती’ हा वर्षाचा मोठा सण साजरा होतो. त्यात ढाली आणि चाबूक घेऊन खेळला जाणारा ‘चाची’ पाहायला मिळू शकतो, पण त्या वेळी गाव स्वतःच्या नातलगांनी भरलेले असते आणि पावसालाही सुरुवात होत असते, म्हणून जागेची चौकशी केल्याशिवाय निघू नये. परतीच्या वाटेवर एक दिवस अधिक असेल तर रुतेंग शहराजवळच्या चांचार येथील कोळ्याच्या जाळ्याच्या आकाराची भातखाचरे पाहावीत. मध्यबिंदूपासून कडेपर्यंत पाचरीसारखी वाटलेली ती शेते आणि म्बारू नियांगचा सांगाडा एकाच डोक्यातून निघाले आहेत, हे उंचावरून चटकन लक्षात येते.