उसन्या उबेची जादू: घरी रचलेल्या आरपीजी विश्वात बरेच महिने खेळल्यावर

टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन आणि फासे टाकून गोष्ट घडवायचा खेळ म्हणजे आरपीजी. त्यातलं विश्व आणि नियम सांभाळतो तो गेम मास्टर. आमच्या गेम मास्टरने स्वतः रचलेल्या विश्वात मी बरेच महिने जादूगार म्हणून खेळते आहे. कॅम्पेनचा, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीचा, पहिला मोठा टप्पा नुकताच संपला, त्यामुळे तिथल्या जादूबद्दल आता भरवशाने लिहिता येईल. मला ही पद्धत मनापासून आवडली. खटकलेल्या गोष्टीही पुढे येतीलच.

या विश्वात मंत्र काहीही नव्याने निर्माण करत नाही. तो फक्त उष्णता एका जागेहून दुसरीकडे नेतो. मशाल पेटवायची तर तेवढी ऊब कुठून तरी काढावी लागते, आणि जिथून काढली ते गार पडतं. निसर्गाचे बाकी नियम जसेच्या तसे चालतात. उष्णता आपोआप गार वस्तूकडून गरम वस्तूकडे जात नाही, एवढा एकच नियम मंत्र मोडतो.

मोजायचं एकक आहे 'आधण'. एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला लागते तेवढी उष्णता, म्हणजे सुमारे ३३५ किलोज्यूल. हे एकक फार विचाराने निवडलेलं आहे, कारण शून्य अंशावरच्या एक लिटर पाण्याचा बर्फ होताना जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर पडते. त्यामुळे खेळताना कॅल्क्युलेटर लागत नाही. एक हंडा उकळायचा तर गोठायच्या बेतात आलेल्या पाण्याचा तेवढाच हंडा गोठवायचा. नदीकाठी जादूगाराला भरपूर बळ असतं, कोरड्या तळघरात जवळजवळ काहीच नसतं.

जवळ दुसरं काही नसलं की उरतं शरीर. साधारण ७० किलोच्या माणसातून एक आधण काढलं, तर त्याचं तापमान १.४ अंशांच्या आसपास उतरतं. ३७ वरून ३५.६. दुसरं काढलं की ३५ च्या खाली, आणि हायपोथर्मिया (शरीर धोकादायक गार पडणं) धरतात तो तिथूनच. आमच्या नियमांत ३५ खाली गेलं की हातांनी करायच्या प्रत्येक कामाला फटका बसतो, ३२ खाली शुद्ध राहते का हे फासे ठरवतात. सावरायला किती वेळ लागावा याचंही उत्तर शरीरातूनच आलं. स्वस्थ पडलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता तयार करतो, म्हणजे थोडीही वाया गेली नाही तर एक आधण भरून यायला तासभर. प्रत्यक्षात वाया जातेच, म्हणून गेम मास्टरने दोन तास धरले आहेत.

आधी मी डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीची २०१४ ची आवृत्ती भरपूर खेळले आहे. तिथे पहिल्या लेव्हलच्या विझार्डला (जादूगाराला) दोन स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या दोन संधी, मिळतात आणि लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) घेतली की ते परत येतात. ती पद्धत पक्की आहे, अनेक वर्षं तावूनसुलाखून निघालेली आहे. पण स्लॉट खर्च झाला हे फक्त माझ्या कॅरेक्टर शीटला, म्हणजे पात्राच्या नोंदींच्या कागदाला, कळतं. शेजारी बसलेल्या योद्ध्याच्या खेळाडूला त्याचं काही वाटत नाही, आणि वाटावं असं कारणही नसतं. थकव्याने किंमत मोजायची पद्धतही जुनीच. १९७५ च्या टनेल्स अँड ट्रोल्स या आरपीजीमध्ये मंत्रासाठी ताकदीचे गुण मोजावे लागत, १९८६ च्या गर्प्समध्ये थकव्याचे. तिथेही किंमत मुख्यतः जादूगारच भरतो.

आमच्याकडे ती कोण भरेल हे फासे ठरवतात, आणि माझ्या मते या पद्धतीचा जीव इथेच आहे. मंत्र टाकला की तो लागतोच. सहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज करायची ती उष्णता कुठून आली हे पाहायला. १० किंवा जास्त पडले तर आपण निवडलेल्या जागेतून. ७ ते ९ पडले तर अर्धी तिथून, अर्धी आपल्या अंगातून. ६ किंवा कमी पडले तर सर्वांत जवळच्या उबदार गोष्टीतून, मग ती काहीही असो. तीन पायऱ्यांचा हा साचा २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या आरपीजीमुळे बऱ्याच जणांना ओळखीचा आहे. नवशिक्या जादूगाराची उष्णता ३६ पैकी १५ वेळा भलतीकडून येते. बेरजेत मिळवायला कौशल्याचे दोन गुण मिळाले की ३६ पैकी ६ वेळा.

सर्वांत जवळची उबदार गोष्ट बहुतेक वेळा आपला सोबती असतो. बर्फाच्या भुयारात आमची पार्टी (पात्रांची टोळी) अडकली, तेव्हा वाट वितळवण्याइतकी उष्णता फक्त आमच्या शरीरांत होती. मी फासे हातात घेतल्यावर सगळ्यांचं बोलणं थांबलं. मग तिरंदाज खेळणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "सगळ्यांनी थोडं थोडं दिलं तर चालेल का?" गेम मास्टरने तिथल्या तिथे होकार दिला, आणि तो नियम कायमचा झाला. हात धरून उभ्या असलेल्या चौघांनी एक आधण वाटून घेतलं तर प्रत्येकाचं तापमान जेमतेम एक तृतीयांश अंशाने उतरतं. देणाऱ्याने मात्र स्वतः 'देतो' म्हणायला हवं. तेव्हापासून जादू हा माझ्या एकटीचा विषय राहिला नाही. योद्धा सकाळी विचारतो, आज कोणाच्या अंगात किती आहे? एकदा चोराने द्यायला नकार दिला, त्यावरून रंगलेला संवाद कुठल्याही लढाईपेक्षा सरस होता.

विश्वाची रचनाही याच नियमातून उगवली आहे. मंत्रशाळा गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी आहेत. बाळंतिणीच्या खोलीत जादूगाराला मज्जाव. फौजा भर दुपारी लढतात. एका जुन्या रणांगणावरचं तळं आजही उन्हाळ्यात काठांनीच वितळतं. मला सर्वांत आवडतो तो तपासाचा भाग: मंत्र कुठे टाकला गेला हे लपत नाही. धान्यकोठारातल्या आगीचा छडा आम्ही लावला तो मागच्या विहिरीवर तरंगणाऱ्या बर्फाच्या पापुद्र्यावरून. असे दुवे गेम मास्टरला मुद्दाम पेरावे लागत नाहीत, नियम पाळला की ते आपोआप पडतात.

आता खटकलेलं. वस्तू हलवण्याचे मंत्र सुरुवातीला भयंकर स्वस्त होते. ३३५ किलोज्यूलमध्ये ७० किलोचा माणूस जवळजवळ ४९० मीटर उंच उचलला जातो, आणि आमच्यातल्या एकाने हा हिशेब दुसऱ्याच सेशनला मांडला. एका आधणात शत्रू ढगांत! गेम मास्टरने यावर शोधलेला तोडगा मला फार पटला: उष्णतेपासून गती हवी असेल, तर वाफेच्या इंजिनाला असते तीच मर्यादा मंत्रालाही. १८२४ मध्ये फ्रेंच अभियंता सादी कार्नोने दाखवलं, की उष्णतेतला किती भाग कामात बदलेल याची कमाल मर्यादा गरम आणि गार बाजूंच्या तापमानांवरून ठरते. ३७ अंशांचं शरीर आणि शून्य अंशाचा बर्फ यांच्यात जास्तीत जास्त १२ टक्के. म्हणजे तोच माणूस फार तर ५८ मीटर. सगळीकडे सारखंच तापमान असलेल्या बंद खोलीत तर काडीही हलत नाही. हल्ली लढाईआधी आम्ही भट्टी कुठे, बर्फ कुठे हे पाहतो. आधी एका मंत्राने तापमानात फरक पाडून मग दुसऱ्याने त्याचा वापर करता येतो, पण त्याला दोन डाव आणि दोनदा फासे लागतात. ते रास्त आहे.

एक उणीव मात्र राहतेच. जखम भरण्याचा मंत्र इथे नाही, फार तर ताप उतरवता येतो. भास नाहीत, मनावर ताबा नाही. १९८७ च्या आर्स मॅजिका या आरपीजीमध्ये ५ क्रिया आणि १० विषय जोडून हवा तो मंत्र घडवता येतो, त्या ऐसपैसपणाची सवय असलेल्यांना इथे कोंडल्यासारखं होईल. आमच्यातल्या एकाला झालंच, आणि त्याने जादूगार सोडून वैद्य घेतला. शिवाय लढाईत हिशेबाला वेळ लागतो. आम्ही पाव आधणापेक्षा बारीक मोजायचं सोडून दिलं, तेव्हा खेळाला वेग आला. स्वतःच्या टेबलवर हे आणणार असाल तर हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि 'सर्वांत जवळचं उबदार' काय हे ठरवायला साधा नकाशा समोर असू द्या.

उन्हाचं काय करायचं हे अजून ठरायचं आहे. भर दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट ऊन पडतं, म्हणजे सहा मिनिटांच्या आत एक आधण. थेट उन्हातून उष्णता घेऊ दिली तर उघड्या माळावरच्या जादूगारापुढे कोणीच टिकणार नाही. सध्या तापलेल्या दगडातून किंवा वाळूतून घेता येते, किरणांतून नाही. पुढचा टप्पा वाळवंटात आहे, आणि माझा जादूगार आताच सपाट काळे दगड गोळा करतो आहे.