वॉल्व्ह काढू नका, बदला: कोकणातल्या गाड्यांसाठी थर्मोस्टॅट

घाटात गरम होते म्हणून गाडी गॅरेजात नेली की एक सल्ला अजूनही ऐकायला मिळतो: "थर्मोस्टॅट काढून टाकूया, आपल्याकडे थंडी असते कुठे?" सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे आणि त्याची भरपाई इंजिन करतं. काही शे रुपयांपासून मिळणारा हा भाग गाडीतला सगळ्यात वसूल होणारा खर्च आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त तो पारखून घ्यावा आणि नीट बसवावा.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यातल्या पाण्याच्या वाटेवरचा वॉल्व्ह. साधा थर्मोस्टॅट मुठीत मावतो. धातूच्या छोट्या डबीत मेण, त्यात उष्णता लवकर पोचावी म्हणून तांब्याची भुकटी, मधोमध पोलादी पिन आणि बाहेर स्प्रिंग. अंगावर 82 किंवा 88 असा आकडा ठोकलेला असतो. त्या तापमानाला मेण वितळून फुगतं, पिनेवर दाब येतो, चकती उघडते आणि गरम पाणी रेडिएटरकडे निघतं. पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात. पाणी निवलं की स्प्रिंग चकती बंद करते.

आता काढून टाकल्यावर काय होतं ते पाहा. बऱ्याच इंजिनांच्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला दुसरी छोटी चकती असते. वरची वाट उघडत जाते तशी ती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट बंद करते. वॉल्व्हच नसेल तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न शिवता पुन्हा इंजिनात फिरतं. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या भरलेली पिकअप कुंभार्ली किंवा फोंडा घाट चढत असताना, जिथे रेडिएटरची गरज सगळ्यात जास्त, तिथेच तापमानाचा काटा वर सरकतो. "पाणी फार जोरात पळतं म्हणून थंड होत नाही" हे कारण खरं नाही; खरं कारण ही उघडी वाट आहे.

सपाट रस्त्यावर आणि उतारावर उलटा त्रास. इंजिन तापतच नाही. गाडीतल्या संगणकाला ते थंडच वाटतं, तो इंधन जास्त सोडत राहतो आणि ॲव्हरेज पडतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या बाजूने ऑइलमध्ये उतरते. इंजिन पुरेसं तापलं तर ती उडून जाते, नाहीतर तिथेच साठते. घर ते बाजार एवढंच फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट-पांढरा थर दिसतो, तो याचाच. (अशी साय हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालची सील, गेल्यावरही दिसते. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाण्यात मिसळायचं द्रव, कमी होत असेल तर आधी तिकडे बघा.) बीएस 6 या प्रदूषण-निकषाच्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली काजळी जाळण्याची प्रक्रियाही अर्धवट राहू शकते. स्कॅनरवर पी 0128 कोड आला तर पहिला संशय उघड्या अडकलेल्या थर्मोस्टॅटवर घ्यावा.

घेताना जुन्यावरचा आकडा वाचून तोच मागा. "कोकणात गरमी म्हणून 88 च्या जागी 76 चा घाला" हे ऐकू नका. रेडिएटर चोंदला असेल तर कमी आकड्याचा वॉल्व्ह तो मोकळा करत नाही. नाव-आकडा नसलेला, सुट्या पिशवीतला माल घेऊ नये. जुना आणि नवा शेजारी ठेवून उंची, व्यास, खालची चकती आणि हवा जायचं भोक जुळतंय ना ते बघा.

बसवण्याआधी पातेल्यातली चाचणी कराच. थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात टांगा. बुडाला टेकू देऊ नका, तिथे पाणी जास्त तापतं. थर्मामीटर सोडा आणि हळू आच ठेवा. 82 चा वॉल्व्ह त्याच्या दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडे हलायला हवा आणि उकळीपर्यंत साधारण 8 मिलीमीटर उघडायला हवा. किनाऱ्यावर पाणी 100 अंशांच्या आसपास उकळतं, आंबोलीत दोनेक अंश आधी. तेवढा फरक धरा. मग गार पाण्यात टाका. पूर्ण मिटला नाही तर दुकानदाराला परत द्या. विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटला ही चाचणी लागू नाही.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या हाउसिंगच्या खाली पातळी येईपर्यंत कूलंट काढा, हाउसिंगचे बोल्ट सोडा आणि जुनं गॅसकेट पूर्ण खरवडून घ्या. समुद्राजवळच्या मचूळ बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेलं असेल तर ॲल्युमिनियमला खड्डे पडलेले दिसतात. खोल असतील तर हाउसिंगही बदला, गळती थांबणार नाही. नवा बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला, हवेचं भोक सगळ्यात वर. रबरी रिंग असेल तर सिलिकॉन लावू नका. बोल्ट आलटून-पालटून, बेताने आवळा.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. हे मिश्रण साधारण 107 अंशांना उकळतं, झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरंच वर, आणि गंज रोखतं. त्यामुळे थंडी नसलेल्या भागातही ते हवंच. भरताना हीटरचा नॉब गरमवर फिरवा. आपल्याकडे हीटर कधी लावला जात नाही, आणि काही गाड्यांत नॉब बंद असला की तिथली हवा अडकून राहते. झाकण लावून इंजिन चालू ठेवा. रेडिएटरचा वरचा होज पाइप बराच वेळ कोमट राहून मग एकदम तापला, म्हणजे वॉल्व्ह उघडला. फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी बघा; हवा निघाल्याने थोडी खाली गेलेली असेल, तेवढं मिश्रण भरा आणि मगच घाट चढा.