पंख बांधायचं वेट फ्लाय किट: पिसं उत्तम, दोऱ्याने घात केला

वेट फ्लाय म्हणजे मासेमारीसाठी गळावर पिसं आणि दोऱ्याने बांधलेली, पाण्याखाली बुडणारी नकली माशी. ती बांधायचं, ऑनलाइन मागवलेलं हे किट मुंबईत घरपोच 1,850 रुपयांना पडतं. आत 10 नंबरचे 25 गळ, बदकाच्या राखी क्विलच्या (पंखातल्या ताठ पिसांच्या) चार जोड्या, गूजची (कलहंसाची) रंगवलेली पिसं, एक रीळ दोरा, मेणाची वडी आणि वॉर्निशची बाटली. व्हाइस (गळ पकडणारा शिकंजा) आणि बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं हत्यार) वेगळे घ्यावे लागतात, हे जाहिरातीत कुठेही ठळक लिहिलेलं नाही.

आधी पिसं, कारण पैसे त्यांचेच आहेत. माशीच्या पंखाला पक्ष्याच्या डाव्या आणि उजव्या पंखातलं एकेक पीस लागतं. चकचकीत बाजू वर आणि टोक आपल्यापासून लांब धरून दोन्ही पिसं शेजारी ठेवा: एकाची रुंद बाजू डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे दिसली पाहिजे. आमच्या चारपैकी तीन जोड्या बरोबर निघाल्या, चौथीत दोन्ही पिसं एकाच बाजूची. अशा जोडीतून पंख होत नाही, एक पट्टी कायम दुसरीच्या उलट वळते. किट हातात आल्यावर पहिलं काम हेच तपासायचं आणि लगेच बदलून मागायचं.

पिसाचा दर्जा मात्र खरोखर चांगला. मधल्या भागातून गळाच्या फटीच्या (टोक आणि दांडीमधल्या अंतराच्या) साधारण निम्म्या रुंदीची पट्टी काढली, तर तंतू एकमेकांना घट्ट धरून राहतात. टोकाकडचे आणि बुडाकडचे तंतू सोडून द्या, तिथली पकड सैल असते. गूजमधलं लाल आणि पिवळं पीस छान जुळतं. बोटांनी हलकं कुरवाळलं की दोन रंगांच्या पट्ट्या एकजीव होतात, फक्त दोन्ही एकाच बाजूच्या पिसातल्या हव्यात. निळ्याचे तंतू ठिसूळ आहेत, जुळवताना तुटतात. रंगवताना पाणी जास्त तापलं असावं.

आता दोरा. 140 डेनियरचा (डेनियर हे दोऱ्याच्या जाडीचं माप) दिलाय, आणि 10 नंबरच्या गळावर तो जाडच. माशीचं डोकं, म्हणजे डोळ्यामागची दोऱ्याची गुंडाळी, वाटाण्याएवढं होतं आणि गळाचा डोळा बुजतो. 70 डेनियरचं रीळ वेगळं घ्या. तोवर याच्यावरच भागवायचं असेल तर बॉबिन लटकवून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पीळ सुटतो, दोरा चपटा बसतो.

सोबतच्या पत्रकात नेमकी अडचणीची पायरी एका ओळीत उरकलीय, म्हणून सविस्तर. डोळ्यामागे 2 मिलिमीटर जागा मोकळी सोडा आणि माशीच्या अंगाच्या पुढच्या टोकापाशी दोऱ्याचा सपाट थर द्या. तिथे उंचवटा राहिला की पंख वर उभा राहतो. दोन्ही पट्ट्यांच्या मंद बाजू आत ठेवून टोकं जुळवा आणि गळावर अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरा. दोरा अंगठ्याच्या आतून वर न्या, सैल फेर देऊन तर्जनीच्या आतून खाली आणा आणि सरळ खाली ओढा. तंतू एकावर एक दाबले गेले पाहिजेत. चिमटी न सोडता आणखी दोन फेर. घाईने बोटं ढिली केली की दोरा पंखाला पलीकडे ओढून नेतो, पट्टी फाटते ती इथेच. पुढचे फेर डोळ्याकडे जावेत. मागे, अंगावर गेले तर पंख फाकतो.

गालासाठी, म्हणजे पंखाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या छोट्या पिसासाठी, रानकोंबड्याच्या पिसाची छापील नक्कल दिलीय. दिसायला सपाट, पण हाच पर्याय योग्य. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतलाच, आणि त्याच्या खऱ्या पिसांचा व्यापार 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. कोणी गुपचूप विकायला आलं तर सरळ नाही म्हणा.

वॉर्निश ठीक, मुंबईच्या उकाड्यात मात्र लवकर घट्ट होतं, थेंबभर थिनर लागतो. हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यातल्या ट्राउट माशांसाठी बांधणाऱ्यांना किट पुरेसं आहे. वरळीच्या खडकांवर खाऱ्या पाण्यात टाकायचं असेल तर पैसे घालवू नका, तिथे पिसाचा नाजूक पंख दोन फेकीत चिंधी होतो.

पावसाळ्याआधी पिसं झिप पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग डबा डांबरगोळीसकट बंद करा. दमट कपाटात कीड लागली तर नुसत्या दांड्या उरतात. दबून वाकडं झालेलं पीस किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरलं की परत सरळ होतं.