सी ड्राइव्ह भरला: साफ करावा, हलवावा की वाढवावा?

विंडोज सर्व्हरचा सी ड्राइव्ह भरत आला की त्याची कुरकुर आधी भलत्याच ठिकाणी ऐकू येते. अपडेट अर्ध्यावरून मागे फिरतात, बॅकअप अडतो आणि पेजफाइलला (मेमरी अपुरी पडल्यास विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) वाढायला जागा न उरल्यामुळे कालपर्यंत व्यवस्थित चालणारे सॉफ्टवेअर मेमरी कमी पडल्याची तक्रार करू लागते. अशा वेळी तीन मार्ग उपलब्ध असतात: ड्राइव्हची सफाई करणे, त्यावरचा काही भार दुसऱ्या ड्राइव्हवर हलवणे किंवा ड्राइव्हच मोठा करणे. या तिन्हींची तुलना बहुधा ‘किती जीबी सुटले’ एवढ्यावरच होते. सुटलेली जागा किती दिवसांत पुन्हा भरेल आणि आज केलेला बदल उद्या मागे घेता येईल का, हे दोन प्रश्न मला अधिक महत्त्वाचे वाटतात.

कोणताही मार्ग धरण्यापूर्वी जागा नेमकी कोणी व्यापली आहे ते मोजावे. विझट्री किंवा ट्रीसाइझ यांपैकी कोणतेही साधन पुरेसे आहे; मात्र ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावे, अन्यथा काही फोल्डर हिशेबातूनच सुटतात. विंडोजमधील विनएसएक्सएस या फोल्डरचा आकडा पाहून घाबरू नये. त्यातील अनेक फाइल हार्ड लिंक असतात, म्हणजे डिस्कवर फाइल एकच असते आणि ती दोन ठिकाणी दिसते, त्यामुळे एक्सप्लोरर तिथे प्रत्यक्षापेक्षा मोठा आकडा दाखवतो. खरा आकडा डीआयएसएम या विंडोजमधील आदेशाच्या ‘ॲनलाइझ कंपोनंट स्टोअर’ या पर्यायाने कळतो आणि सफाईची गरज आहे की नाही, हेही तोच सांगतो.

सफाईचा मोठा गुण म्हणजे ती लगेच करता येते आणि तिला खर्च नाही. डीआयएसएमचा ‘स्टार्ट कंपोनंट क्लीनअप’ हा पर्याय जुन्या अपडेटचे मागे पडलेले घटक काढून टाकतो. विंडोजचे स्वतःचे नेमलेले काम त्यासाठी नवे घटक आल्यापासून ३० दिवस थांबते, तर हाताने दिलेला आदेश थांबत नाही. याला ‘रीसेट बेस’ जोडल्यास आणखी जागा सुटते, परंतु त्यानंतर आधी बसवलेली कोणतीही अपडेट काढता येत नाही. अपडेटमुळे छपाई किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर अडल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, ते काही जीबींसाठी परतीची वाट बंद करणार नाहीत. ‘मेमरी डॉट डीएमपी’ ही क्रॅशची फाइल मात्र तपास संपला असल्यास निर्धास्तपणे काढावी. विंडोज टेंपमध्ये ‘कॅब’ने सुरू होणाऱ्या फाइलींचा ढीग साचला असेल, तर त्या पुसून भागत नाही, सीबीएसचा (विंडोजचे घटक बसवणाऱ्या यंत्रणेचा) लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, फार मोठा झाल्यामुळे तो आवळण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसत असतो, म्हणून तो लॉगही काढावा लागतो. विंडोजमधील ‘इन्स्टॉलर’ या लपवलेल्या फोल्डरला हात लावू नये. तो अडगळीसारखा दिसतो, पण त्यातील फाइल गेल्या की त्या प्रोग्रामची दुरुस्ती, अपडेट आणि काढून टाकणे हे सारेच अडते.

हलवण्याचा मार्ग रोज वाढणाऱ्या गोष्टींसाठी आहे, आणि याचे ठळक उदाहरण म्हणजे आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरचे लॉग. ‘इनेटपब’मधील लॉगच्या फोल्डरात सहसा रोज एक नवी फाइल तयार होते (तिचे घड्याळ यूटीसीवर चालत असल्याने आपल्याकडे तिचा दिवस पहाटे साडेपाचला उजाडतो), आणि आयआयएस जुन्या फाइल स्वतःहून कधीच पुसत नाही. एका सर्व्हरवर तर सहा वर्षांचे लॉग एकाखाली एक मुकाट्याने बसलेले मी पाहिले आहेत. तिथे दर तिमाहीला नेमाने डिस्क क्लीनअप होत असे, पण ते त्या फोल्डरकडे फिरकत नसे. लॉगची जागा बदलून डी ड्राइव्ह दिला, जुन्या फाइल तिकडे नेल्या आणि ठरावीक दिवसांनंतर त्या पुसणारे काम टास्क शेड्यूलरमध्ये लावले, की दुखणे मुळातून जाते. हा बदल केव्हाही मागे घेता येतो. पेजफाइल हलवताना मात्र एक विचार करावा: क्रॅशची नोंद ठेवण्यासाठी वेगळी डंप फाइल नेमलेली नसेल आणि सी ड्राइव्हवर पुरेशी पेजफाइल उरली नसेल, तर निळा पडदा येऊन विंडोज क्रॅश झाल्यास कारण शोधायला काहीच हाती लागत नाही. विंडोजचे स्वतःचे फोल्डर जंक्शन (जुन्या जागेवरून नव्या जागेकडे वळवणारा दुवा) करून दुसरीकडे नेण्याची युक्ती मी कोणालाही सुचवणार नाही.

व्हर्च्युअल सर्व्हरचा सी ड्राइव्ह जर ४० किंवा ६० जीबींचा असेल आणि जागा मुख्यतः विंडोजनेच व्यापली असेल, तर सफाईत वेळ घालवण्याऐवजी तो सरळ वाढवावा. व्हीएमवेअर वा हायपर-व्हीमध्ये आधी स्नॅपशॉट (त्या सर्व्हरच्या जुन्या स्थितीच्या जतन केलेल्या नोंदी) काढून टाकावे लागतात; हायपर-व्हीचे व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) पहिल्या पिढीचे असल्यास ते बंदही करावे लागते, कारण त्याची बूट डिस्क आयडीई या जुन्या प्रकारच्या जोडणीवर असते. ॲमेझॉन आणि अझ्युर यांच्याकडे डिस्क मोठी करता येते, लहान करता येत नाही, म्हणून वाढलेले बिल कायमचे समजावे. खरी अडचण पुढे येते: डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह वाढवण्याचा पर्याय फिकट दिसतो. सी ड्राइव्ह फक्त त्याच्या लगेच उजवीकडच्या मोकळ्या जागेतच वाढतो, आणि सर्व्हर २०२२च्या मांडणीत नेमके तिथेच रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग) आडवे आलेले असते. पूर्ण बॅकअप घेऊन ‘रीएजंटसी’ या आदेशाने रिकव्हरी बंद करणे, डिस्कपार्टने ते पार्टिशन काढणे, सी ड्राइव्ह वाढवणे आणि शेवटी रिकव्हरी पुन्हा उभी करणे, असा हा क्रम आहे. तो कामकाज बंद असलेल्या वेळेतच पार पाडावा.

प्रत्यक्ष यंत्रावर, एकाच रेड जोडीचे (एकच डेटा दोन्हींवर ठेवणाऱ्या दोन डिस्कचे) सी आणि डी असे दोन भाग केलेले असल्यास, गणित उलटे होते. तिथे सी ड्राइव्ह वाढवायचा म्हणजे डी ड्राइव्ह पूर्ण रिकामा करून पाडावा लागतो, कारण त्यातील रिकामी जागा सी ड्राइव्हला लागून नसते. अशा सर्व्हरवर लॉग आणि इतर वाढता डेटा डी ड्राइव्हवर हलवणेच स्वस्त पडते.